नाव बिघडवण्याचा हक्क

भारताचा पासपोर्ट छापला जातो नाशिक रोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. पाहुणा आला की नाशिककर त्याला प्रेसची भिंत दाखवतो आणि 'इथंच छापतात' असं सांगताना आवाज किंचित खाली आणतो, जणू आतली रात्रपाळी त्याच्याकडेच आहे. या अभिमानाच्या भरात एक गोष्ट निसटते. त्या पुस्तिकेत फोटोच्या पानावर नावासाठी दोनच रकाने आहेत, एक आडनावाचा आणि एक नावाचा. मराठी माणूस तर तीन नावांचा. जगभरच्या विमानतळांवर आपल्या लोकांच्या नावांचे जे हाल होतात, त्यांचा उगम गोदावरीप्रमाणेच नाशिक जिल्ह्यात आहे.

मधलं नाव घालायचं कुठं? वडिलांना वाऱ्यावर सोडणं आपल्यात बसत नाही, म्हणून मुलगा त्यांना आपल्याच रकान्यात ओढून घेतो. पुढं विमान कंपनीच्या संगणकाला मोकळी जागा परवडत नाही. समजा निफाडचा रमेश सुरेश पाटील जर्मनीला निघाला, तर त्याच्या तिकिटावर येतं: पाटील, मग तिरकी रेघ, मग एका दमात 'रमेशसुरेशमिस्टर'. फ्रँकफर्टच्या काउंटरवरची बाई 'मिस्टर रमेशसुरेश' अशी हाक मारते. भाडं एकाचं, प्रवासी दोन. सुरेशराव त्या वेळी निफाडला द्राक्षबागेत डावणी रोगावर फवारणी करत असतात. मुलानं परदेशात आपलं नाव नेलं याचा त्यांना आनंद असतो. फक्त नावाबरोबर आपल्यालाही नेलं असतं तर काय बिघडलं असतं, असं ते शेजाऱ्याला दोनदा बोलून दाखवतात.

बरं, घरी तरी क्रम ठरलेला आहे का? हा रमेश बारशाला 'रमेश सुरेश पाटील' होता. शाळेत घातला तेव्हा 'पाटील रमेश सुरेश' झाला आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तसाच उतरला. आडनाव आधी हा क्रम आपल्याला शाळेनं शिकवला. चीन, कोरिया, हंगेरी इथं तो घरचाच आहे. जपानी लोक आपापसात आडनाव आधी लावायचे आणि इंग्रजीत लिहिताना पाहुण्यांच्या सोयीसाठी उलटं करायचे. शेवटी त्यांच्या सरकारनं ठरवलं की १ जानेवारी २०२० पासून सरकारी इंग्रजी कागदांवरही आडनावच आधी. नाशिकमधल्या कुठल्याही हायस्कुलाचा हजेरीपट जिथं कधीचा पोचलेला होता, तिथं जपान सरकार २०२० साली पोचलं.

आडनाव पुढं आलं की माणसाचं नशीब वर्णमालेच्या हाती जातं. तोंडी परीक्षेला आहेर आणि अहिरे यांचा नंबर पहिला. बाहेरून आलेले परीक्षक तेव्हा ताजेतवाने असतात, चहा अजून यायचा असतो, त्यामुळे प्रश्न खोल जातात. वाघाचा नंबर येतो तेव्हा परीक्षकांना गाडी गाठायची असते. वाघाला एकच प्रश्न, तोही 'येतं ना रे?' या स्वरूपाचा. क्षीरसागराची तऱ्हा निराळी. मराठी यादीत तो मुळाक्षरांच्या शेपटाला, इंग्रजी यादीत 'के'पाशी, म्हणजे ऐन मध्यावर. यादी कुठल्या भाषेत लागलीय हे कळेपर्यंत त्याला डबाही खाता येत नाही.

शाळेतला हा जपानी माणूस ओझरपर्यंत गेला की रशियन होतो. ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला. मिग म्हणजे मिकोयान आणि गुरेविच. पूर्ण नावं, आर्त्योम इव्हानोविच मिकोयान आणि मिखाईल इओसिफोविच गुरेविच. पुढं तिथंच सुखोई बनू लागलं, ते पावेल ओसिपोविच सुखोईंचं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. इव्हानोविच म्हणजे इव्हानचा मुलगा. या तिघांनी रहिवासी दाखल्यासाठी अर्ज केला असता, तर निदान नावाच्या ओळीत कुणी चूक काढली नसती. लाइट बिलाच्या झेरॉक्सवर अडवलं असतं, ती गोष्ट वेगळी. इंग्रजाला आपलं मधलं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं जादा नाव असावं, अशी त्याची समजूत. रशियनाला ते न सांगता कळतं. फरक एकच. रशियात मोठ्या माणसाला आदरानं हाक मारायची तर नावाला बापाचं नाव जोडतात. आपल्याकडे मधल्या सुट्टीत पोराला बापाच्या नावानं हाक मारली की पाटी फुटते.

सिनेमात गेलेला मराठी माणूस दक्षिणेला सरकला. शांताराम राजाराम वणकुद्रे यांनी आडनावाचं एक अक्षर पुढं ठेवलं, बाकीचं कोल्हापूरला, आणि ते व्ही. शांताराम झाले. आपल्या शेजारच्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर यांनी तर एका नावातून दोन कलावंत काढले. चाल लावली की सी. रामचंद्र, स्वतः गायले की चितळकर. ही अक्षरं पुढं लावायची रीत तमिळनाडूची वाटते, पण तिथल्या अक्षरांत आडनाव असेलच असं नाही. एम. एस. सुब्बुलक्ष्मींमधला 'एम' म्हणजे मदुराई आणि 'एस' म्हणजे त्यांच्या आई षण्मुखवडिवू. विश्वनाथन आनंद यांचं स्वतःचं नाव आनंद. विश्वनाथन हे वडील. जगाला ते ठाऊक नव्हतं, म्हणून जगानं त्यांना लाडानं 'विशी' म्हणायला सुरुवात केली. डाव जिंकले मुलानं, लाड झाले वडिलांचे.

हे सगळं पुरुषांचं झालं. त्यांच्या नावांचा नुसता क्रम हलतो. बाईचं नाव मुळासकट हलतं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिण्याची रीत जिथं आहे, तिथं सकाळी मांडवात शिरलेली वैशाली दत्तात्रय आहेर संध्याकाळी स्वरा अमोल बोरस्ते होऊन बाहेर पडते. जुनं असं एक अक्षर शिल्लक नाही. मग बँक म्हणते, या दोघी एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. आदल्या पिढीत तर आणखी गंमत होती. बाईच्या नावाच्या मधोमध नवरा कायमचा बसलेला आणि त्याचं नाव तोंडानं उच्चारायचं नाही. 'अहो' हेच नाव, 'अहो' हाच पत्ता. खानेसुमारीचा माणूस दारात येऊन नवऱ्याचं नाव विचारायचा तेव्हा आजी एक तर शेजारणीकडे बघायची, नाही तर सरळ उखाणा घालायची. यमक जुळेपर्यंत तो बिचारा पेन्सिल धरून उभा.

आईला मुलाच्या नावात जागा मिळायला मात्र २०२४ साल उजाडलं. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर बाळाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशी लावायची, हे राज्य सरकारनं ठरवलं. त्याच वर्षी ५ डिसेंबरला मुख्यमंत्र्यांनी 'देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस' या नावानं शपथ घेतली. वडील दुसऱ्या जागेवरून तिसऱ्या जागेवर गेले. घरात ते आधीपासून तिथंच होते, कागदाला उशिरा कळलं. नाशिकनं या बाबतीतही आघाडी घेतली होती. १९९९ साली सुरू झालेल्या सुला या वाइनरीचं नाव संस्थापक राजीव सामंत यांच्या आईच्या नावावरून, सुलभा या नावावरून आलं. आपल्यापैकी कुणी आईचं नाव वाइनच्या बाटलीला लावलं असतं तर आईनं आपल्याला काय लावलं असतं, हा विचार इथंच थांबवू. खरी अडचण पुढं आहे. ही नवी बाळं मोठी होऊन पासपोर्ट काढतील तेव्हा नावं चार आणि रकाने दोन.

या सगळ्यांहून जुना फॉर्म रामकुंडावर भरला जातो. पंचवटीतल्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्याघराण्यांच्या वह्या आहेत, जुन्या मोडीत लिहिलेल्या. तिथं गुरुजी तुमचं नाव विचारतच नाहीत. पहिला प्रश्न, 'गाव कोणतं?' दुसरा, 'आडनाव?' तिसरा, 'आजोबांचं नाव?' तोवर तुम्ही कुणीच नसता, फक्त कुणाचे तरी नातू असता. वही सापडली, पणजोबांचा लेख निघाला, की मग शेवटी तुमची पाळी, तीही आपल्या हातानं लिहायची. बँकेला माणूस धरायचा असतो, म्हणून तिला नाव नेमकं हवं. गुरुजींना घराणं धरायचं असतं. कोण कशापासून सुरुवात करतो यावरून त्याला आपल्यातलं काय हवंय ते कळतं.

आता उपाध्यांकडून उपाध्यांकडे, म्हणजे पदव्यांकडे वळू. नाशिक-नगर पट्ट्यात त्या पाळण्यातच मिळतात. रावसाहेब, भाऊसाहेब, अण्णासाहेब, बाळासाहेब ही आमच्याकडे जन्मदाखल्यावरची नावं आहेत. दुपट्यात गुंडाळलेल्या दीड वितीच्या जिवाला आत्या 'रावसाहेब' म्हणून कानात सांगते आणि रावसाहेब दुपटं ओलं करतात. त्यात महसूल खात्यात तलाठ्याला भाऊसाहेब आणि तहसीलदाराला रावसाहेब म्हणायची चाल. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभं राहून नुसतं 'भाऊसाहेब!' असं ओरडून बघा. एक टेबलामागून बघतो, चार बाकावरून उठतात, एक चहाचा ट्रे घेऊन थांबतो. बाहेरच्यांना यातलं काही उमगत नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचं 'दादासाहेब' हेच नाव आहे, अशी अर्ध्या देशाची खात्री आहे. १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो, आणि दर वर्षी दिल्लीत तो 'दादा साहब फाल्के' यांच्या नावे स्वीकारला जातो. धुंडिराज कोण, ते आम्हालाच ठाऊक.

आमच्या तात्यासाहेबांनी मात्र सर्वांवर कडी केली. जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले, म्हणजे स्वतःचं नाव बदललं, वडिलांचंही बदललं. कवितेसाठी नाव घेतलं ते धाकट्या बहिणीवरून, कुसुमचा अग्रज. म्हणजे लहानपणापासून जी त्यांना दादा म्हणत असेल तिच्याच नावानं ते महाराष्ट्रात ओळखले गेले. आणि नाशिकमध्ये यातलं एकही नाव चालत नव्हतं. नाशिकमध्ये ते तात्यासाहेबच. ज्यांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषेचा गौरव करतो, त्या माणसाला एका नावात बसवणं मराठीलाही जमलं नाही.

क्रमाचं हे असं. उच्चाराचं विचाराल, तर आमचं पहिलं गाऱ्हाणं आमच्या गावाचंच. स्टेशनवर उतरणारा निम्मा हिंदुस्थान 'नासिक' म्हणत उतरतो. दुसरं गाऱ्हाणं 'ळ'चं. मुंबईच्या पलीकडे गेला की काळे 'काले' होतो आणि टिळक 'तिलक'. तेंडुलकरांचा 'ड' हिंदीत 'द' झाला, राहाणेंचा 'ण' गेला, ज्ञानेश्वरांना 'ग्यानेश्वर' व्हावं लागलं. जाधवांचा 'ज' 'जरा'मधला आणि जयंतचा 'ज' 'जय'मधला, हे बाहेरच्याला समजावून सांगणं सोडूनच दिलेलं बरं. इंग्रजांनी तर कमाल केली. देवळालीला त्यांची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई तिथं पडून राहायचे आणि उन्हानं, कंटाळ्यानं डोक्यावर परिणाम व्हायचा. देवळालीचं त्यांनी 'डूलाली' केलं, त्याला आपला 'ताप' जोडला, आणि डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणू लागले. इतर गावांची नावं इंग्रजांनी नकाशात बिघडवली, देवळालीचं थेट शब्दकोशात. आज तिथं हवा पालटायला जाणाऱ्यांना हे सांगू नये.

पण आपला हिशेब काढला तर? गंगापूर रस्त्याच्या बागांतली फ्रेंच द्राक्षं बघा. 'सोव्हिन्याँ ब्लाँ'चं आमच्याकडे 'सॉव्हिग्नॉन ब्लँक' होतं, 'कॅबरने'ला आम्ही शेवटचा 'ट' परत मिळवून देतो. फ्रेंच माणूस जी अक्षरं लिहून गिळतो, ती आम्ही पैसे मोजल्यासारखी सगळी उच्चारतो. महाराष्ट्राच्या खालचा प्रत्येक माणूस 'अण्णा', ही आमची सोय. २०१७ मध्ये मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला. आयरिश लोकांनी त्याच्या आडनावातला कोकण पार उडवला, म्हणून आपण हळहळलो. मग त्याच्या पदाचं आयरिश नाव पुढं आलं. इंग्रजी अक्षरांत ते 'ताओइसीच' दिसतं आणि म्हणायचं असतं 'टीशॉक'. तेव्हा आपणही 'पंतप्रधान'च बरे म्हणून गप्प बसलो. फिटंफाट.

२०१४ च्या सप्टेंबरात चीनचे अध्यक्ष भारतात आले, तेव्हा एका वृत्तनिवेदिकेनं इंग्रजी बातम्यांत 'शी' ही दोन रोमन अक्षरं आकडा समजून त्यांना 'इलेव्हन जिनपिंग' केलं. देश हसला. नाशिककराला त्यात फारसं हसू आलं नसावं. सिंहस्थात ज्याच्या चौकाचौकांतल्या फलकांवर 'श्री श्री १००८' अशी नावं झळकतात, त्याला अकरा म्हणजे विनयच वाटणार. बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले. त्यांचं नावच 'श्री' असल्यामुळे त्यांना मराठीत पत्र लिहायचं तर 'श्री. श्री ठाणेदार' असं लिहावं लागेल. अमेरिकेला यातली गंमत कळणार नाही. सिंहस्थाच्या मांडवात मात्र त्यांना दोन श्रींवर पुढची रांग मिळेल.

आणि परक्यांचं सोडा, आपल्याच माणसांच्या नावांचं आपण काय करतो? रमेशचा रम्या, प्रकाशचा पक्या, संतोषचा संत्या. ज्या ज्ञानेश्वराचा 'ग्यानेश्वर' केल्याबद्दल आपण दिल्लीवर चिडतो, त्याला गल्लीत 'ए ज्ञान्या' म्हणूनच बोलावतो. पंचांग बघून, आत्याला बोलावून, पेढे वाटून ठेवलेलं नाव आठवड्यात मोडीत निघतं. मोडणारी बहुधा आईच असते. फ्रँकफर्टच्या बाईनं तर त्या मानानं बरीच काळजी घेतली होती. तिनं एक अक्षरही सोडलं नव्हतं, उलट वडील जादा दिले होते.

मग राग नक्की कशाचा येतो? चुकीच्या उच्चाराचा नाही, हे उघड आहे. राग येतो तो हक्क नसताना बिघडवल्याचा. नाव बिघडवायचा हक्क मिळवावा लागतो. आईला तो बाळंतपणात मिळतो. मित्राला तो एका बाकावर बसून, एका डब्यात खाऊन, एकाच छडीनं मार खाऊन मिळतो. म्हणून पन्नाशीतला, मोटारीतून फिरणारा, टेंडर भरणारा माणूस सीबीएस बसस्टँडच्या गर्दीत मागून 'ए रम्या' ऐकू आलं की खूश होऊन वळतो. हाच माणूस नव्यानं आलेल्या साहेबानं 'रमेस जी' म्हटलं की घरी येऊन जेवत नाही. साहेबाचा उच्चार 'रम्या'पेक्षा कितीतरी अचूक असतो. फक्त त्यानं हप्ते भरलेले नसतात.

हा हक्क हस्तांतरणीय नाही. सासऱ्याचे मित्र त्याला 'पक्या' म्हणतात म्हणून जावयानंही 'पक्या' म्हणून चालत नाही. तो आपोआप संपतही नाही. परदेशी स्थायिक झालेली पोरं आता मुलांची नावं मुद्दाम दोन अक्षरी ठेवतात, नील, माया, रिया, म्हणजे तिथल्या मास्तरांना अडखळायला जागा नको. फोनवर नाशिकची आजी त्यांचं पाच मिनिटांत 'नीलोबा' आणि 'मायडी' करते. तिला कुणी हरकत घेत नाही, कारण तिचे हप्ते दोन पिढ्यांपूर्वीच फिटलेले आहेत.

तेव्हा सिंहस्थाच्या निमित्तानं आता देशोदेशीचे लोक नाशिकला येतील. कुणाचं आडनाव पुढं असेल, कुणाचा बाप मध्ये असेल, कुणाचं गाव आधी असेल, कुणाची अक्षरं लिहायची एक आणि बोलायची दुसरी. समोरच्याला दोनदा विचारावं, तिसऱ्यांदाही विचारावं, त्यात कमीपणा नाही. पहिलं वर्षभर नाव नीट घ्यावं. बिघडवायला पुढं आयुष्य पडलं आहे.